पेशींच्या घरांतील वांटणी

गेल्या वर्षीं आमच्या निकट परिचयाच्या एका घरीं घडलेली गोष्ट प्रथम सांगतों. तिच्यावांचून हा लेख लिहिण्याचें आमच्या मनांत आलेंच नसतें. घरची गृहिणी पन्नाशी उलटलेली. आषाढांत एके दिवशीं स्नान करतांना तिच्या हातास छातींत हरभऱ्याएवढी एक गांठ लागली. गांठ दुखत नव्हती, म्हणून तिनें ती कोणास सांगितली नाहीं. न सांगण्याचें खरें कारण मात्र निराळें होतें. घरांत थोरल्या मुलीच्या लग्नाचें जुळत होतें, आणि 'आईस असा रोग आहे' ही वार्ता बाहेर गेली तर 'हें त्यांच्या रक्तांतच आहे' असें म्हणून पाहुणे मागें फिरतील, ही भीति तिच्या मनांत बसली होती. लग्न उरकेपर्यंत गप्प राहावयाचें तिनें ठरविलें. माघांत लग्न झालें. फाल्गुनांत तिनें तोंड उघडलें, तेव्हां हरभऱ्याचा आंवळा झाला होता आणि काखेंतहि गांठी आल्या होत्या.

आम्ही समाचारास गेलों तेव्हां तिच्या सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढें; परंतु बुद्धि तल्लख. त्या म्हणाल्या, "मास्तर, डॉक्टर सांगतात, शरीरांत पेशींची वांटणी चुकते म्हणून हा रोग होतो. आमच्या घरांत चार भाऊ वेगळे निघाले, तेव्हां एक तांब्या इकडचा तिकडे झाला नाहीं. मग ही वांटणी कोणीं चुकविली? आणि हें पाप कोणाचें?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आम्हीं जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलें. शास्त्रविषयांशीं आमचा संबंध मॅट्रिकबरोबरच संपला. परंतु ऐंशी वर्षांच्या बाईनें विचारलेल्या प्रश्नास शिक्षकानें खालीं मान घालावी हें आम्हांस बरें वाटेना. आमचे एक जुने विद्यार्थी वैद्यकीच्या महाविद्यालयांत शिकवितात. त्यांच्याकडून पुस्तकें आणून, जेथें अडलें तेथें त्यांस विचारून, जें समजलें तें वाचकांपुढें मांडीत आहों.

वांटणी कशाची?

आपलें सर्व शरीर आईच्या उदरांतील एका पेशीपासून झालें आहे. त्या एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असें होत होत प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें ३७ लक्ष कोटि पेशी नांदत असतात. वाढ पुरी झाली तरी हा व्यापार थांबत नाहीं. त्वचा झिजते, आंतड्यांचें अस्तर गळतें, रक्तांतील कण जुने होतात. त्यांच्या जागीं क्षणोक्षणीं लक्षावधि नव्या पेशी विभागून तयार होत असतात.

प्रत्येक पेशीच्या मध्यभागीं एक केंद्रक असतें व त्यांत शरीराची सर्व विद्या साठविलेली असते. ही विद्या ज्या धाग्यांवर लिहिलेली आहे त्यांस आपल्या भाषेंत 'गुणसूत्र' हें नांव मिळालें आहे. संस्कृतांत 'गुण' म्हणजे धर्म आणि 'गुण' म्हणजे दोराहि. तेव्हां नांव ठेवणाराच्या मनांत असो वा नसो, तें दोन्ही अर्थांनीं साधलें आहे. युरोपीय नांव मात्र साधें आहे. १८८८ सालीं वाल्डायर या जर्मन पंडितानें त्यांस 'क्रोमोसोम', म्हणजे 'रंग घेणारें शरीर', असें म्हटलें. कारण पेशीवर विशिष्ट रंग घातले असतां हे धागे ठळक दिसूं लागतात.

मनुष्याच्या पेशींत अशीं ४६ गुणसूत्रें असतात. २३ आईकडचीं व २३ बापाकडचीं. एका पेशींतील हे सर्व धागे उलगडून टोकास टोक जोडले तर सुमारें दोन मीटर लांबी भरते. एवढा संसार डोळ्यांस न दिसणाऱ्या केंद्रकांत मावलेला असतो. पेशी विभागावयाची झाली म्हणजे ह्या सर्वांची आधीं हुबेहूब एकेक प्रत तयार होते, आणि मग मूळ व प्रत ह्यांची दोन कन्यापेशींत वांटणी होते. दोघींसहि ४६ मिळालीं पाहिजेत, आणि तींहि तींच. एकीस ४७ व दुसरीस ४५ असें चालत नाहीं.

ही वांटणी प्रथम नीट पाहिली ती कील येथील वाल्टर फ्लेमिंग यानें. सॅलॅमॅंडर नांवाच्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या जलचराच्या पिलांच्या पेशी मोठ्या असतात. त्या रंगवून त्यानें विभाजनाच्या एकामागून एक अवस्था रेखाटल्या व १८८२ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची रीत अशी आहे. मूळ धागा व त्याची प्रत हीं जुळीं भावंडें एकमेकांस जखडलेलीं असतात. पेशीच्या दोन टोकांस दोन ध्रुव तयार होतात व त्या ध्रुवांपासून अतिसूक्ष्म तंतु निघून मध्यभागाकडे येतात. दोन्ही टोकांस निमुळती व मध्यें फुगीर अशी ही आकृति असल्यामुळें शास्त्रांत तिला 'तर्कु' म्हणतात. तर्कु म्हणजे चाती. ज्या घरांत जानव्याचें सूत अजून टकळीवर काढतात, तेथें ही आकृति समजावून सांगण्याची गरज नाहीं.

प्रत्येक गुणसूत्राच्या कमरेपाशीं एक पकड असते. जुळ्यांपैकीं एकाच्या पकडीस एका ध्रुवाचे तंतु लागतात, दुसऱ्याच्या पकडीस समोरच्या ध्रुवाचे. दोन्हीकडून ओढ लागली म्हणजे जोडी बरोबर मधल्या रेषेवर येऊन उभी राहते. सर्व ४६ जोड्या अशा रांगेंत आल्या कीं त्यांस जखडणारीं बंधनें एकदम तुटतात व भावंडें आपआपल्या ध्रुवाकडे खेंचलीं जातात. हा सोहळा बहुधा एखाद्या तासांत आटोपतो.

पंचांची सही

येथें एक शंका येईल. ४५ जोड्या तयार झाल्या आणि एक मागें राहिली तर काय? आमच्याकडे वांटणीच्या वेळीं यादींतील शेवटच्या भांड्याचा निकाल लागल्याखेरीज पंच वांटणीपत्रावर सही करीत नसत. पेशींतहि असेच पंच आहेत. ज्या गुणसूत्राच्या पकडीस तंतु लागलेला नाहीं, तें गुणसूत्र 'थांबा' अशी खूण सतत देत असतें, आणि ती खूण येत आहे तोंवर बंधनें तुटत नाहींत. ही पंचायत चालविणारीं द्रव्यें १९९१ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधक मंडळ्यांनीं पाव फुगविणाऱ्या किण्वाच्या पेशींत शोधून काढलीं. मोठें आश्चर्य असें कीं, तींच द्रव्यें थोड्या फरकानें मनुष्याच्या पेशींतहि सांपडलीं.

इतका बंदोबस्त असूनहि चूक होते. तिचे तीन मुख्य प्रकार सांगतां येतील. पहिला असा कीं, एकाच पकडीस दोन्ही ध्रुवांचे तंतु चिकटतात. पकड रिकामी नसल्यामुळें पंचांस कांहीं वावगें दिसत नाहीं. परंतु ओढाओढींत तें गुणसूत्र मध्येंच लोंबकळत राहतें व भलत्याच घरीं जातें. दुसरा प्रकार पंचच ढिले पडण्याचा. मग सर्व जोड्या तयार होण्यापूर्वींच बंधनें तुटतात. तिसरा, दोनाच्या ऐवजीं तीन किंवा चार ध्रुव उत्पन्न होण्याचा. वांटेकरी दोन असतां चौघे पुढें आल्यावर वांटणीचें जें होईल तेंच येथें होतें.

प्रयोगशाळेंत वाढविलेल्या स्थिर पेशींत अशी चूक सुमारें शंभर विभाजनांत एकदां होते असें दिसून आलें आहे. उलट कित्येक कर्करोगांच्या पेशींत ती दर एक ते पांच विभाजनांत एकदां होते. निरोगी शरीरांत चुकलेली पेशी बहुधा जगत नाहीं. कमीजास्त गुणसूत्रांनीं तिचा सर्व कारभार विस्कटतो, आणि 'पी-५३' नांवाचें एक रक्षक द्रव्य तिची वाढ थांबवितें किंवा तिला मरावयास लावितें. चूक होणें हा नियमांतला अपवाद आहे. चुकलेल्या पेशीनें जगणें व वाढत राहणें हा त्या अपवादांतलाहि अपवाद आहे. तोच कर्करोगाच्या कामीं येतो.

बोवेरी पतिपत्नी

गुणसूत्रांच्या वांटणीचा व ह्या रोगाचा संबंध कोणीं जोडला, ही कथा मोठी हृद्य आहे. १८९० सालीं बर्लिन येथील हान्सेमान नांवाच्या विकृतिशास्त्रज्ञानें कर्करोगाच्या गांठींतील पेशी पाहतांना असें नोंदविलें कीं, तेथें विभाजनें वांकडीतिकडीं व असमान होतात. परंतु त्यावरून रोगाची उपपत्ति बसविली ती थिओडोर बोवेरी यानें.

बोवेरी हा १८६२ सालीं बॅंबर्ग येथें जन्मला व व्युर्त्सबुर्ग येथें प्राणिशास्त्राचा अध्यापक झाला. तो वैद्य नव्हता. त्याचा अभ्यास समुद्रांतील सी-अर्चिन नांवाच्या कांटेरी, चेंडूसारख्या प्राण्याच्या अंड्यांवर चाले. ह्या अंड्यांत एकाच वेळीं दोन शुक्रबीजें शिरलीं तर दोनाच्या जागीं चार ध्रुव होतात व अंडें एकदम चार पेशींत विभागतें. गुणसूत्रें त्या चौघींत अंदाधुंद वांटलीं जातात. बोवेरीनें ह्या चार पेशी सुट्या करून एकेक वाढूं दिली. नीट विभागलेल्या अंड्याच्या चारहि पेशींपासून लहान पण पूर्ण असे जीव होतात, हें ठाऊक होतें. येथें मात्र चौघींची वाढ चार तऱ्हांनीं बिघडली आणि जवळजवळ सर्व जीव मेले. ह्यावरून १९०२ सालीं त्यानें असा सिद्धान्त मांडला कीं, सर्व गुणसूत्रें सारख्याच गुणाचीं नाहींत. प्रत्येकाकडे निराळें काम आहे, आणि पूर्ण संच असल्यावांचून जीव नीट वाढत नाहीं. आज ही गोष्ट शाळेंतील मुलास ठाऊक असते. त्या काळीं ती नवी होती.

त्याच निबंधांत त्यानें सुचविलें कीं, घातक गांठींचें मूळहि अशाच चुकलेल्या वांटणींत असावें. ह्या सूचनेकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. तेव्हां १९१४ सालीं त्यानें ह्या एकाच विषयावर लहानसें पुस्तक लिहून येना येथें प्रसिद्ध केलें. त्यांत तो म्हणतो तें थोडक्यांत असें: गांठ ही एका पेशीपासून उत्पन्न होते, त्या पेशीस गुणसूत्रांचा विपरीत संच मिळालेला असतो, पेशींत वाढीस उत्तेजन देणारे व वाढीस आळा घालणारे असे दोन्ही प्रकारचे घटक असतात, आणि आळा घालणारे हरवले म्हणजे पेशी बेबंद वाढते. आपणाजवळ प्रत्यक्ष पुरावा नाहीं, हेंहि त्यानें मोकळेपणानें सांगून टाकलें. प्रकृति फार दिवस बिघडलेली होती. तीमुळेंच बर्लिन येथें नव्या संस्थेचें मुख्यत्व चालून आलें असतां त्यानें तें नाकारलें होतें. १९१५ च्या ऑक्टोबरांत, वयाच्या ५३ व्या वर्षीं, तो वारला. महायुद्ध चालू होतें. पुस्तक बाजूस पडलें.

तें पुन्हां उजेडांत आणिलें त्याच्या पत्नीनें. मार्सेला ओ-ग्रेडी ही मूळची अमेरिकन बाई. ती स्वतः जीवशास्त्राची अध्यापिका होती व बोवेरीकडे काम करण्यासाठीं १८९६ सालीं जर्मनींत आली. १८९७ सालीं दोघांचा विवाह झाला आणि पुढें सी-अर्चिनच्या प्रयोगांत ती त्याच्या बरोबरीनें राबली. वैधव्यानंतर ती मायदेशीं परतली, न्यू हेवन येथील महाविद्यालयांत विज्ञान शिकवूं लागली, आणि १९२९ सालीं तिनें पतीच्या त्या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. पतीचें अपुरें कार्य चालविणाऱ्या स्त्रियांच्या कथा आपण भक्तिभावानें ऐकतों. ही त्याच मालिकेंतली आहे असें आम्हांस वाटतें.

पुरावा कसा मिळाला

पुरावा न मिळण्याचें एक कारण असें होतें कीं, मनुष्याचीं गुणसूत्रें किती, हेंच नीट माहीत नव्हतें. १९२३ पासून सर्व पुस्तकांत ४८ असा आंकडा चालत आला होता. १९५६ सालीं स्वीडनमधील लुंड येथें ट्यिओ व लेव्हान ह्या दोघांनीं तो ४६ असल्याचें दाखविलें. त्यांनीं कॉल्चिसीन नांवाचें वनस्पतिज विष वापरलें. त्यानें तर्कूचे तंतु बनेनासे होतात, पेशी ऐन वांटणींत थांबते, व गुणसूत्रें सुटीं मोजतां येतात. पावसाळ्यांत आमच्या कोंकणांत व घाटावर कुंपणांवर चढणारी, ज्वाळेसारख्या फुलांची कळलावी वाचकांनीं पाहिली असेलच. आमच्या वैद्यकांतील लांगली ती हीच. तिच्या कंदांतहि हेंच विष असतें. म्हणून मुलांस तिच्यापासून दूर ठेवावें.

१९६० सालीं फिलाडेल्फिया येथें नोवेल व हंगरफर्ड यांस एका प्रकारच्या रक्तकर्करोगांत एक गुणसूत्र वाजवीपेक्षां लहान दिसलें. १९७३ सालीं जॅनेट राउली ह्या विदुषीनें दाखविलें कीं, तेथें नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांनीं आपले तुकडे अदलाबदल केलेले असतात. ही वांटणीची चूक नव्हे, तुकड्यांच्या जोडणीची चूक होय; तथापि गुणसूत्रांतील ठराविक बिघाड ठराविक कर्करोग उत्पन्न करितो, हें तेथें निर्विवाद ठरलें.

वांटणीच्या चुकीचा स्वच्छ दाखला लहान मुलांच्या डोळ्यांतील एका कर्करोगांत मिळतो. तेराव्या गुणसूत्रावर वाढीस आळा घालणारा एक घटक असतो. आईकडची व बापाकडची अशा त्याच्या दोन प्रती. एक बिघडली तरी दुसरी काम चालविते. कांहीं मुलें एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मतात. अशा मुलाच्या डोळ्यांतील एखाद्या पेशीच्या विभाजनांत चांगल्या प्रतीचें गुणसूत्रच हरवलें तर आळा घालणारें कोणी उरत नाहीं व गांठ वाढूं लागते. दोन आघातांची ही कल्पना नड्सन यानें १९७१ सालीं मांडली आणि १९८३ सालीं गुणसूत्रें तपासून ती खरी ठरविण्यांत आली. बोवेरीनें सत्तर वर्षांपूर्वीं वर्तविलेला 'आळा घालणारा घटक' तो हाच.

दुसरा दाखला २००४ सालचा. अत्यंत विरळा अशा एका जन्मजात व्याधींत वर सांगितलेल्या पंचांपैकीं एकाचाच घटक दोन्हीकडून बिघडलेला असतो. अशा मुलांच्या पुष्कळ पेशींत गुणसूत्रें कमीजास्त असतात, आणि त्यांस बालपणींच कर्करोग होण्याचा धोका फार असतो. पंच ढिले पडल्याचा परिणाम ह्याहून स्पष्ट काय दिसावा?

आणखी एक चमत्कारिक गोष्ट २०११ पासून समजूं लागली. वांटणींत मागें राहिलेल्या गुणसूत्राभोंवतीं कधीं कधीं निराळें चिमुकलें केंद्रक बनतें. त्याचें कवच कच्चें असतें. तें फुटलें कीं आंतल्या गुणसूत्राचे तुकडे तुकडे होतात व ते वेडेवांकडे सांधले जातात. कांचेचें भांडें फोडून डोळे मिटून जोडावें तसा हा प्रकार. एका विभाजनांतील एका चुकीनें अनेक बिघाड एकदम होतात ते असे.

ह्या विषयांत आपल्याकडील एका विदुषीचें नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं. पुण्यास १९१७ सालीं जन्मलेल्या कमल समर्थ, पुढें कमल रणदिवे, ह्यांनीं लग्नानंतर एम्.एस्.सी. साठीं सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. मग मुंबईस डॉ. खानोलकर ह्यांच्या हाताखालीं कर्करोगाच्या संशोधनास वाहून घेऊन त्यांनीं १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली. उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर त्यांनीं काम केलें आणि पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा मुंबईस उभारली. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें.

कारण कीं परिणाम?

तर मग कर्करोगाचें कारण हेंच, असें म्हणावें काय? शरीरांत गांठ धरणाऱ्या कर्करोगांपैकीं दहांत सुमारें नवांत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली सांपडते. तरीहि शहाणे लोक उत्तर देतांना थबकतात, आणि तें योग्य आहे. पुष्कळ ठिकाणीं पहिली चूक वांटणीची नसून एखाद्या घटकाच्या मजकुरांतील असते. वांटणी मागाहून बिघडते. परंतु ती एकदां बिघडली म्हणजे गांठींतील पेशी नाना तऱ्हेच्या होतात, आणि औषध दिलें असतां त्यांतील एखादी तरी तग धरून राहते. म्हणजे वांटणीची चूक कोठें रोगाचें मूळ आहे, कोठें त्यास घातलेलें खतपाणी. शिवाय कोणतें गुणसूत्र चुकलें ह्यालाहि महत्त्व आहे. ज्या मुलांस जन्मतःच एकविसावें गुणसूत्र तीन असतात, असें १९५९ सालीं फ्रान्समध्यें दिसून आलें, त्यांस लहानपणीं रक्ताचा कर्करोग अधिक होतो. परंतु मोठेपणीं गांठीचे कर्करोग इतरांहून कमी होतात.

संस्कृताच्या अभ्यासकास येथें मोह होतो कीं, हें सर्व आमच्या ग्रंथांत होतेंच असें म्हणावें. सुश्रुतानें 'अर्बुदा'चें वर्णन केलें आहे. एका गांठीवर दुसरी उठली तर तिला 'अध्यर्बुद' असें नांवहि दिलें आहे. त्याची नजर तीक्ष्ण होती. परंतु पेशी त्यानें पाहिली नव्हती, कारण पाहण्याचें साधन नव्हतें. जें त्यानें पाहिलें त्याबद्दल त्यास वंदन करावें. जें पाहिलें नाहीं तें त्याच्या पदरीं बांधूं नये.

चुकीचाच उतारा

आतां औषधांकडे वळूं. घरोघरच्या अंगणांत सदाफुली असते; देवाच्या फुलांत ती रोज येते. ही मूळची मादागास्करची. कॅनडांतील रॉबर्ट नोबल ह्या संशोधकाकडे जमेकाहून तिचीं पानें आलीं. तेथें लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. उंदरांवर प्रयोग केला, तेव्हां साखर उतरली नाहीं. परंतु रक्तांतील पांढऱ्या पेशी एकदम कमी झाल्या. त्यावरून नोबल व चार्ल्स बीअर यांनीं १९५८ सालीं व्हिनब्लास्टीन हें द्रव्य वेगळें केलें. त्याचेंच भावंड व्हिनक्रिस्टीन आज बालकांच्या रक्तकर्करोगावर दिलें जातें. दोन्ही द्रव्यें तर्कूचे तंतु बनूं देत नाहींत, म्हणून पेशीची वांटणी अडते. मात्र ह्यावरून कोणीं घरीं पानें चावूं नयेत. औषध आणि विष ह्यांत येथें मात्रेचेंच अंतर आहे.

त्या गृहिणीस जें औषध मिळालें त्याचें नांव पॅक्लिटॅक्सेल. तें अमेरिकेंतील यू नांवाच्या वृक्षाच्या सालींतून निघालें; ह्या वृक्षाचे भाऊबंद हिमालयांतहि आहेत. १९७९ सालीं सूझन हॉर्विट्झ ह्या विदुषीनें दाखविलें कीं, सदाफुलीच्या उलट हें औषध तर्कूचे तंतु मोडूंच देत नाहीं. ते ताठ राहतात व वांटणी अडून बसते. फार दिवस असें समजत होते कीं, अडून बसल्यामुळेंच पेशी मरतात. परंतु २०१४ सालीं विस्कॉन्सिन येथील संशोधकांनीं स्तनाच्या कर्करोगाच्या रोगिणींच्या गांठी तपासल्या, तेव्हां निराळेंच दिसलें. औषधाच्या तेथें पोंचलेल्या मात्रेंत पेशी अडत नव्हत्या. त्यांत दोनाहून अधिक ध्रुव उत्पन्न होत होते, गुणसूत्रें अंदाधुंद वांटलीं जात होतीं, आणि त्या अंदाधुंदीनें पेशी मरत होत्या. बोवेरीच्या चार ध्रुवांच्या अंड्यांची जी गति झाली तीच येथें रोगाची होते. थोड्या चुकीवर जगणारी पेशी फार चुकीनें मरते.

आजीबाईंस उत्तर

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. वांटणी कोणीं चुकविली? बहुतेक वेळीं कोणींच नाहीं. जेथें क्षणोक्षणीं लक्षावधि वांटण्या होतात तेथें एखादी चुकणारच, आणि वय वाढेल तशा चुका सांचत जाणार. कांहीं चुकांस मात्र आपण हातभार लावतों. तंबाखू ही त्यांत पहिली. आपल्या देशांतील पुरुषांत तोंडाचा कर्करोग इतका आढळतो त्याचें मुख्य कारण तीच आहे. दुसरें उदाहरण गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचें. तो ज्या विषाणूमुळें होतो त्याचीं द्रव्यें पी-५३ ह्या रक्षकास नाहींसें करितात व पेशींत वाजवीपेक्षां जास्त ध्रुव उत्पन्न करितात. त्यावर लस आहे. ती मुलींस ९ ते १४ ह्या वयांत देणें उत्तम. पुण्यास तयार झालेल्या अशा लशीस २०२२ सालीं आपल्या देशांत मंजुरीहि मिळाली. मुलींच्या आयांनीं हें लक्षांत ठेवावें.

आणि 'रक्तांत आहे' हें खरें काय? शंभर कर्करोगांत पांच ते दहाच असे असतात कीं, त्यांचें बीज आईबापांकडून आलेलें असतें. बाकीच्यांत चूक झाली ती शरीरांतील त्या एका पेशींत. ती पुढील पिढीच्या बीजांत उतरत नाहीं. ज्या घराण्यांत जवळच्या अनेकांस, तेंहि तरुणपणीं, हा रोग झाला असेल त्यांनीं डॉक्टरांस विचारून तपासणी करवावी. परंतु लपविण्यासारखें त्यांतहि कांहीं नाहीं, आणि त्यावरून सोयरीक मोडणें हा तर निव्वळ अडाणीपणा आहे. हा रोग शिवल्यानें होत नाहीं, भांडें वेगळें ठेवल्यानें टळत नाहीं. कर्मविपाकाच्या ग्रंथांत एकेका रोगास पूर्वजन्मीचें एकेक पाप जोडलेलें आहे. त्या ग्रंथांविषयीं आदर ठेवूनहि आम्हांस म्हणावें लागतें कीं, उंदरांसहि गांठी होतात. उंदरांनीं कोणतें पाप केलें?

हें सर्व आम्हीं त्या आजीबाईंस सांगितलें. तर्कु समजावण्यासाठीं देवघरांतली टकळीच घेतली. त्यांनीं सगळें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "म्हणजे पाप कोणाचेंच नाहीं."

"नाहीं," आम्ही म्हणालों.

"मग मास्तर, आषाढांतच हें आम्हांस कोणीं कां सांगितलें नाहीं? तिनें तरी कशास लपविलें असतें?"

ह्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि अजून नाहीं. सूनबाईंची शस्त्रक्रिया झाली, औषधाच्या फेऱ्या पुऱ्या झाल्या. आज त्या घरांत हिंडतात, फिरतात. पुढचें आज कोणास सांगवत नाहीं. थोरल्या मुलीच्या सासरीं जेव्हां सर्व कळलें, तेव्हां तिच्या सासूबाई स्वतः येऊन आठ दिवस विहिणीच्या उशाशीं बसल्या. ज्यांच्या भीतीनें आठ महिने दवडले, तीं माणसें अशीं निघालीं. वाचक भगिनींनो, न दुखणारी गांठ हातास लागली तर मुहूर्त पाहूं नका, घरांतलें कार्य पाहूं नका. त्याच आठवड्यांत डॉक्टरांस दाखवा. गांठ साधी असली तर चिंता मिटेल. नसली तर ती हरभऱ्याएवढी असतांनाच हातांत सांपडेल.